अब्रुनुकसानी, ऑनलाइन

समाजमाध्यमांवर, संदेशगटांत किंवा संकेतस्थळावर एखाद्यावर खोटा आरोप करून त्याची पत घालवणे म्हणजे ऑनलाइन अब्रुनुकसानी. आरोप तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचला की बदनामी घडते. म्हणूनच ‘गट खाजगी होता’ हा बचाव सहसा टिकत नाही.

वाचक थोडे असल्यानेही सुटका होत नाही. ललित मोदी यांनी जानेवारी २०१० मध्ये एका ट्विटमध्ये न्यूझीलंडचे माजी क्रिकेटपटू क्रिस केर्न्स यांच्यावर सामनानिश्चितीचा आरोप केला. तो सिद्ध झाला नाही आणि २०१२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ९०,००० पौंडांची भरपाई ठरवली. मूळ ट्विट फार लोकांनी वाचले नव्हते, पण असे आरोप तोंडोतोंडी पसरतात, हे न्यायालयाने लक्षात घेतले. आडून बोलणेही धोक्याचेच. ब्रिटिश राजकारणी लॉर्ड मॅकअल्पाइन यांच्याबद्दल तिथल्या संसदेच्या तेव्हाच्या सभापतींच्या पत्नी सॅली बर्को यांनी ट्विटरवर केवळ एक भाबडा वाटणारा प्रश्न विचारला होता. २०१३ मध्ये न्यायालयाने त्या प्रश्नातला सूचक आरोपही बदनामीकारक ठरवला.

कायदे देशागणिक बदलतात. इंग्लंडमध्ये २०१३ च्या कायद्यानुसार प्रतिष्ठेची गंभीर हानी झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे दाखवावे लागते. अमेरिकेत सार्वजनिक व्यक्तीला त्याहून अवघड कसोटी पार करावी लागते: लिहिणाऱ्याला मजकूर खोटा असल्याचे माहीत होते किंवा त्याने खऱ्याखोट्याची बेदरकारपणे उपेक्षा केली, हे तिने सिद्ध करायचे असते. तिथे १९९६ च्या कायद्याचे कलम २३० इतरांच्या मजकुराबाबत माध्यम-कंपन्यांना संरक्षण देते. मूळ लिहिणारा मात्र जबाबदार राहतो. भारतात दिवाणी दाव्याबरोबर फौजदारी खटलाही होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, आक्षेपार्ह ऑनलाइन संदेश पाठवणे गुन्हा ठरवणारे कलम ६६अ रद्द झाले, तेव्हा ऑनलाइन लिखाण मोकळे झाले असा अनेकांचा समज झाला. तो चुकीचा आहे. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतील फौजदारी अब्रुनुकसानीची तरतूद २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली.

अन्याय-अत्याचार सोसलेल्या खऱ्या पीडितांनी अब्रुनुकसानीच्या कायद्याच्या धाकाने गप्प बसू नये, हे इथे आवर्जून सांगायला हवे. कलम ३५६ मधील अपवादांनुसार सक्षम अधिकाऱ्याकडे सद्‌भावाने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. तोच आरोप चव्हाट्यावर मांडला, तर मात्र या अपवादाचा आधार मिळत नाही. फौजदारी खटल्यात मग आरोप खरा असल्याचे आणि तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागू शकते.