ताबा घेतला म्हणजे व्याजावर पाणी सोडलं?

कळंबा असो की उचगाव, घर रखडलं की एक सल्ला ठरलेला: "फ्लॅट पाहिजे तर गप बस, पैसे पाहिजेत तर बुकिंग रद्द कर." निम्मं कोल्हापूर हे खरं मानतं. ते साफ चूक आहे.

घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायद्याचं कलम १८ सांगतं, उशीर झाला की बुकिंग न सोडणाऱ्याला बिल्डरनं ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज द्यायचं. महाराष्ट्रात दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधार दर) अधिक २ टक्के. समजा तो १० टक्के धरला आणि तुम्ही ३० लाख भरलेत, तर महिन्याला २५ हजार. आता बिल्डर "भावा, मॉड्युलर किचन फुकट करून देतो" म्हणाला, तर आधी हा गुणाकार त्याच्यासमोर मांडा.

तो दुसरा पत्ता काढेल: "महारेरानं मुदत वाढवून दिलीय." महारेरा म्हणजे हा कायदा राबवणारं राज्याचं प्राधिकरण. दिली असेल त्यानं. पण नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ मध्येच स्पष्ट केलंय की उशीर मोजायचा तो करारनाम्यातल्या तारखेपासून. म्हणून रंगीत माहितीपत्रक ठेवा बाजूला, नोंदणीकृत करारनामा काढा.

खरी गोम किल्ली देताना असते. कागदांच्या गठ्ठ्यात "माझी कोणतीही तक्रार अथवा मागणी उरलेली नाही" असं पत्र हळूच सरकवतात. त्यावर सही करू नका. ताबा पावतीवरच "विलंबाच्या व्याजाचा हक्क राखून" असं लिहा आणि फोटो काढा. तडजोड झालीच तर रक्कम, तारीख, चेक नंबर कागदावर हवा. चहाच्या टपरीवरचा शब्द महारेरात चालत नाही.