एकाच समईचे दोन एक्स-रे

चवथीच्या आधी आमच्या गोव्यातल्या मोरजीच्या घरी पितळेची समई चिंचेने घासतात. दुपारी लखलखते, आणि खारं वारं लागलं की आठ दिवसांत पुन्हा काळवंडते. तिच्यावर नेमकं काय चढलं, हे बघायचं म्हटलं की रसायनशास्त्राची पोरं पटकन म्हणतात, "ईडीएस करून घेऊ, एक्स-रेचंच काम ना!" ईडीएस म्हणजे एनर्जी डिस्पर्सिव्ह एक्स-रे स्पेक्ट्रोस्कोपी. पण पृष्ठभाग बघायचा तर हवं असतं एक्सपीएस, म्हणजे एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी. नावात एक्स-रे दोन्हीकडे आहे, घोळ तिथूनच सुरू होतो.

ईडीएसमध्ये एक्स-रे बाहेर येतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला इलेक्ट्रॉनांचा झोत नमुन्यावर आदळतो आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे एक्स-रे सोडतं. ते साधारण एक मायक्रॉन खोलीवरूनही सहज वर येतात. म्हणून रिपोर्टात तांबं, जस्त, थोडा ऑक्सिजन, फार तर क्लोरीन. म्हणजे समई पितळेची आहे! हे भांडी विकणाऱ्यानेही सांगितलं असतं.

एक्सपीएसमध्ये उलटं. एक्स-रे आत जातात, बहुधा ॲल्युमिनियमपासून काढलेले, १४८६.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे, आणि बाहेर पडतात इलेक्ट्रॉन. एक्स-रे खोल शिरतात खरे, पण खालून निघालेला इलेक्ट्रॉन वाटेत धडकून ऊर्जा गमावतो. ऊर्जा शाबूत ठेवून सुटतात ते फक्त वरच्या दहाएक नॅनोमीटरमधले, म्हणजे मायक्रॉनच्या शंभराव्या भागातले. चढलेला थर दिसतो तो त्यामुळे. शिवाय इलेक्ट्रॉन किती घट्ट बांधलेला होता हे कळतं, आणि ते अणूच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असतं. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ काई सीगबान यांना १९८१चं नोबेल मिळालं ते याच पद्धतीसाठी.

आता तांब्याची गंमत. शुद्ध तांबं आणि क्युप्रस ऑक्साइड (तांब्याचं एक ऑक्साइड), दोघांचं एक्सपीएसच्या आलेखातलं मुख्य शिखर जवळपास एकाच जागी, ९३२ ते ९३३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यान. नुसतं ते बघून निकाल देणारे फसतात. ओझे (Auger) नावाच्या इलेक्ट्रॉनांचं शिखरही तपासावं लागतं. क्युप्रिक संयुगं, म्हणजे ज्यात तांब्याने दोन इलेक्ट्रॉन गमावलेत ती, मात्र लपत नाहीत: ९४० ते ९४५च्या आसपास त्यांची उपशिखरं उठून दिसतात. खाऱ्या वाऱ्यातली हिरवट पुटं बहुतेक या जातीची.

दहा नॅनोमीटर म्हणजे किती नाजूक, याचा अंदाज असा: नमुन्याला अंगठा लागला तर एक्सपीएसमध्ये कार्बनचं शिखर फोफावतं आणि तांबं मागे पडतं. ईडीएसला त्या ठशाचा फारसा पत्ताही लागत नाही.

अडचण एकच. एक्सपीएसला कडक निर्वात लागतो, आणि तेल मुरलेली समई त्यात ठेवायला कुठला ऑपरेटर तयार होईल? बरं, कापू म्हटलं तर आई मलाच घराबाहेर काढेल. म्हणून पितळेचा सेंटिमीटरभर तुकडा चिंचेने घासून समईशेजारी ठेवलाय. चिमट्याने.