मोडी बंद झाली, म्हणजे नेमके काय बंद झाले?

मोडी, म्हणजे मराठी जोडून लिहायची जुनी लिपी, पुन्हा शाळेत शिकवावी ही मागणी तशी जुनीच, पण २०२३ च्या अखेरीपासून ती वेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकू येते आहे. एरवी ती इतिहासाचे अभ्यासक करायचे. आता तहसील कचेरीचे खेटे घालून दमलेली माणसे करतात. मराठा कुटुंबांना आरक्षणासाठी कुणबी दाखले देता यावेत म्हणून जुन्या कुणबी नोंदी शोधायला त्या वर्षी सप्टेंबरमध्ये समिती नेमली गेली आणि १९६७ पूर्वीची दप्तरे जिल्ह्याजिल्ह्यांत बाहेर निघाली: जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, हक्कनोंदी, शाळांची जनरल रजिस्टरे. त्यातला जुना भाग मोडीत, मराठवाड्यात मोडीच्या जोडीला उर्दूत. कागद हाती आला, पण वाचणारा मिळेना. एका पानावरच्या ‘कु.’ (कुणबी) या एका अक्षरावर घरातल्या मुलांचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून, आणि ते अक्षर लावायला दुसऱ्या जिल्ह्यातून माणूस बोलवायचा, अशी वेळ आली.

हे का झाले ते कळायला यादवांच्या दरबारातल्या हेमाडपंतांपर्यंत मागे जायची गरज नाही. मोडी त्यांनी आणली की आधीपासून होती, या वादावर पुष्कळ लिहून झाले आहे. आपल्या प्रश्नापुरते इतके पुरे की चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कारभार मोडीत आणि पोथी बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, अशी वाटणी पक्की होत गेली. पंतोजींच्या शाळेत मुलगा धुळपाटीवर अक्षर गिरवायचा ते पुढे चिटणिशी, कुळकर्ण किंवा दुकानाची वही सांभाळायची म्हणून. त्यासाठी मोडी आणि पावकी-निमकी (अपूर्णांकांचे पाढे) यायलाच हवी. बाळबोध आली नाही तरी त्याचे अडत नसे.

लिहिण्याची रीत एकदा जवळून पाहिली, की पुढचा सगळा वाद समजायला सोपा जातो. लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सलग रेघ ओढतो. मग बोरू त्या रेघेखाली टेकवून अक्षरे एकामागून एक अशी काढत जातो की शक्यतो हात उचलायला लागू नये. एका शब्दाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांत जागा सोडत नाहीत. विरामचिन्हे नाहीत. वेलांटी एकच, दीर्घ. उकार एकच, ऱ्हस्व. अनुस्वार बहुतेक वेळा गाळलेला. क, र, ज यांचे रूप पुढे येणाऱ्या काना-मात्रेप्रमाणे बदलते. नेहमीच्या मायन्यांची आणि मानाच्या शब्दांची ठरलेली संक्षिप्त रूपे. सरावलेल्या कारकुनाच्या हाताला यातून जो वेग येतो, तो बाळबोधीत येत नाही. हाच वेग वाचणाऱ्याला जड जातो, कारण त्याला लिहिणाऱ्याचा हात ओळखावा लागतो.

छापखान्याने पारडे फिरवले, असे सरसकट सांगितले जाते. ते बरोबर आहे, पण ‘मोडीचे खिळे पाडताच येत नव्हते’ ही त्याला जोडलेली पुस्ती चुकीची. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१० साली मराठीचा कोश छापला तो मोडी खिळ्यांनीच, आणि पुढे शाळेची मोडी वाचनाची पुस्तकेही छापून निघतच होती. झाले ते एवढेच की वर्तमानपत्रे, क्रमिक पुस्तके आणि धर्मग्रंथ बाळबोधीत छापायचा प्रघात पडला. मोडी हाताने लिहिण्यापुरती उरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळेत जाणारे मूल छापील बाळबोध वाचे आणि हाताने मोडी लिही. त्यात कुणाला अडचण वाटत नव्हती. आजही मुले इंग्रजीची छापील अक्षरे वाचतात आणि चाररेघी वहीत जोडून, वळणदार लिहितात, ते अगदी तसेच.

आता गुंत्याच्या जागेकडे. ‘मोडी इंग्रजांनी बंद केली’ हे वाक्य जितक्या खात्रीने ऐकायला मिळते, तितक्याच खात्रीने ‘मोडी स्वातंत्र्यानंतर आपल्याच सरकारने बंद केली’ हेही ऐकायला मिळते. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना तारखा सुनावतात. वास्तविक ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

जुलै १९१७ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारात मोडीऐवजी बाळबोध वापरायचे ठरवले. कारण दिले सोयीचे आणि इलाख्याच्या इतर भागांशी एकसारखेपणाचे. या निर्णयाची कक्षा नीट पाहायला हवी. तो इलाख्यापुरता होता. निजामाच्या मराठवाड्याला, मध्य प्रांत-वऱ्हाडाला, कोल्हापूर किंवा बडोद्यासारख्या संस्थानांना तो लागू नव्हता. शिवाय तो कचेरीतल्या कागदांपुरता होता, शाळेचा नव्हे. शाळांत मोडी त्यानंतरही काही दशके शिकवली गेली. सावकाराच्या आणि दुकानदाराच्या वह्या, घरची पत्रे, खासगी करार १९४० च्या दशकापर्यंत मोडीत चालले, आणि गावच्या दप्तरातही १९१७ नंतरच्या मोडी नोंदी सापडतात. हुकूम निघाला म्हणून गावोगावच्या कारकुनांचा हात एका दिवसात बदलला नाही.

त्या निर्णयामागची कारणे पोकळ होती, असे मला वाटत नाही. मोडीतला कागद हा लिहिणाऱ्याच्या ताब्यातला कागद असे. शेतकऱ्याचा मुलगा चार इयत्ता शिकला तरी कुळकर्ण्याच्या लपेटी हाताने लिहिलेले त्याला वाचता येईलच असे नव्हते. आपल्या जमिनीवर किती बोजा चढवला आहे, हे त्याला दुसऱ्याच्याच तोंडून ऐकावे लागे. छापील बाळबोध नमुन्यात रकाने आले, शब्द सुटे झाले, आणि वाचणाऱ्यांची संख्या वाढली. ही बाजू मोडीप्रेमी मंडळी फार पटकन ओलांडून पुढे जातात. ती त्यांनी मान्य केली तर त्यांचीच मागणी बळकट होईल, कारण वरची सगळी कारणे मोडी लिहिणे थांबवण्याची आहेत. त्यातले एकही कारण मोडी वाचणे थांबवायला लागू पडत नाही.

शाळेतून मोडी गेली ती १९५० च्या आसपास. याला १९१७ सारखी एक ठळक तारीख चिकटवण्याचा प्रयत्न होतो, आणि बहुधा एका मुख्यमंत्र्यांच्या नावावर सगळे जमा केले जाते. काळाचा रेटा मात्र स्पष्ट दिसतो. राज्यघटनेने संघराज्याच्या राजभाषेसाठी देवनागरी लिपी नेमून दिली होती, कचेऱ्यांत टंकलेखनयंत्रे येत होती, प्राथमिक शिक्षण झपाट्याने वाढवायचे होते, आणि लहान मुलावर दोन लिप्यांचा भार कशाला, हा प्रश्न त्या वेळी रास्तच होता. लिहायला मोडी शिकवण्याचे प्रयोजन खरोखरच संपत आले होते. पण त्याबरोबर वाचणेही सोडून दिले. वरच्या वर्गांत आठवड्याला एखादी तासिका जुन्या कागदांच्या वाचनासाठी ठेवता आली असती. ती ठेवली गेली नाही, आणि माझ्या मते खरी चूक तिथे झाली; १९१७ मध्ये नाही.

परिणाम दिसायला एक पिढी पुरली. आजोबांच्या ट्रंकेतले खरेदीखत नातवाला लागेना. पुण्याच्या पेशवे दप्तरातले हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आणि तंजावरच्या मराठे राजांचे मोडी कागद मूठभर माणसांच्या डोळ्यांवर अवलंबून राहिले. पुराभिलेखांचे काम पाहणाऱ्या शासकीय खात्याने परिचयवर्ग चालवले, काही विद्यापीठांनी अभ्यासक्रम काढले. त्या प्रयत्नांना नावे ठेवायची नाहीत, पण वर्ग असतात थोड्या दिवसांचे. स्वर, व्यंजने, बाराखडी होते आणि वर्ग संपतो. पेशवाईतल्या चिटणिसाचे घोटीव अक्षर आणि विसाव्या शतकातल्या गावकामगाराने टाकाने खरडलेली ओळ यांत इतका फरक असतो, की एक वाचता आले म्हणून दुसरे येतेच असे नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे कागद डोळ्यांखालून जावे लागतात.

मधल्या काळात आपल्या शाळांत एक जोडलिपी मात्र आली. २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले आणि चाररेघी वही प्रत्येक दप्तरात जाऊन बसली. त्यामुळे ‘जोडून लिहिण्याचा मुलांवर ताण येतो’ हा मोडीविरुद्धचा आक्षेप तितकासा टिकत नाही.

अमेरिकेत हा वाद इंग्रजी जोडलिपीवरून झाला. २०१० मध्ये बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या सामाईक शैक्षणिक निकषांत तिला जागाच नव्हती. पुढे एकेक राज्य मागे वळले; कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीच्या वर्गांत ती परत आणली. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराला जुनी हस्तलिखिते वाचू शकणारे स्वयंसेवक हवे आहेत. आणि तिथल्या मुलाला जोडलिपी शिकवली नाही तरी थोड्या प्रयत्नाने बरीचशी उलगडते. मोडीचे तसे नाही. बाळबोध येणाऱ्या मुलाला मोडीचे पान अंदाजाने लावता येत नाही.

यंत्र वाचेल, मग माणसाने कशाला शिकायचे, असे आता विचारले जाते. मोडीला युनिकोडमध्ये स्थान जून २०१४ मध्ये मिळाले, आणि मोडी पानाचे देवनागरीत लिप्यंतर करणाऱ्या संगणक प्रणालींवर काम सुरू आहे. ते हवेच आहे. पण त्या प्रणालींना शिकवण्यासाठी आधी जाणकारांनी बिनचूक वाचलेली पाने लागतात, आणि यंत्राने दिलेले वाचन दाखल्यासाठी ग्राह्य धरायचे तर ते कुणीतरी तपासून सही करावी लागते.

मागणीला आजचा काळ अनुकूल नाही, हेही खरे. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासननिर्णय २०२५ मध्ये निघाले आणि जूनअखेर मागे घ्यावे लागले. लहान मुलांवर आणखी काही लादायचे म्हटले की पालक सावध होतात, आणि ते रास्तच आहे. म्हणून पाचवीपासून कित्ता गिरवून घ्यावा, ही काही मोडीप्रेमींची कल्पना मला पटत नाही. आठवी-नववीत, इतिहासाच्या तासाला जोडून, ज्याला हवी त्याला फक्त वाचनापुरती मोडी द्यावी, आणि त्यासाठी त्याच तालुक्यातली जुनी पाने वापरावीत. पण त्याआधी शिक्षक तयार करावा लागेल. अध्यापक विद्यालयात मोडी शिकलेला शिक्षक आज मिळणार नाही, आणि त्याला शिकवू शकतील असे, हजारो पाने नजरेखालून घातलेले वाचक सध्या दाखल्यांच्या पडताळणीत अडकलेले आहेत.