सीएसएसमधील टेबल बॉर्डर

वेबपानावरील टेबल आणि त्यातील सेल (चौकोन) यांभोवतीच्या रेघा आखण्याची सीएसएसमधील, म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील, व्यवस्था. पूर्वी या रेघा एचटीएमएलमध्येच, म्हणजे पानाची रचना लिहिण्याच्या भाषेत, ‘बॉर्डर’, ‘सेलस्पेसिंग’ अशा ॲट्रिब्यूटनी (टॅगमध्ये लिहायच्या सूचनांनी) मागवल्या जात. १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये ती होती, आता ती कालबाह्य मानली जातात. टेबलच्या रेघांचे आजचे नियम १९९८ च्या सीएसएस २ पासून घडत आले.

जाडी, शैली आणि रंग मिळून एक रेघ बनते. रंग दिला नाही तर अक्षरांचा रंग घेतला जातो. शैलीचे मूळ मूल्य मात्र ‘नन’ (काहीच नाही) असल्यामुळे शैली वगळली की रेघ उमटतच नाही. टेबलला दिलेली बॉर्डर फक्त बाहेरच्या चौकटीला लागते. आतल्या रेघांसाठी ‘टीडी’ (साधा सेल) आणि ‘टीएच’ (शीर्षकाचा सेल) या टॅगना वेगळा नियम लागतो.

टेबल आणि सेल अशा दोन्हींना बॉर्डर दिली की रेघा दुहेरी दिसू लागतात, आणि तिथे ‘बॉर्डर-कोलॅप्स’ हा गुणधर्म कामी येतो. त्याचे ‘सेपरेट’ हे मूल्य प्रत्येक सेलला स्वतःची बॉर्डर ठेवू देते. सेलमधले अंतर ‘बॉर्डर-स्पेसिंग’ ठरवते. सीएसएसच्या प्रमाणकात ते मुळात शून्य असले तरी ब्राउझर आपल्याकडून सहसा २ पिक्सेल देतात. या पद्धतीत ओळींना किंवा स्तंभांना बॉर्डर लागत नाही, आणि ‘टीआर’ला (ओळीच्या टॅगला) रेघ देऊन ती का दिसेना म्हणून डोके खाजवणारे पुष्कळ भेटतात.

‘कोलॅप्स’मध्ये शेजारच्या दोन सेलची मिळून एकच रेघ होते. मग कोणाची राखायची? ‘हिडन’ (लपवलेली) शैली असेल तर तिथे रेघच काढली जात नाही आणि ‘नन’ सर्वांपुढे हरते. उरलेल्यांत जाड रेघ जिंकते. जाडी समान असल्यास शैलीचा क्रम लागतो: डबल (दुहेरी), सॉलिड (सलग), डॅश्ड (तुटक), डॉटेड (ठिपक्यांची), मग उठाव किंवा खाच भासवणाऱ्या रिज, आउटसेट, ग्रूव्ह आणि इनसेट. फरक फक्त रंगाचा उरला तर सेल ओळीवर मात करतो, ओळ ओळींच्या गटावर, त्यानंतर स्तंभ, स्तंभगट आणि शेवटी टेबल. हा क्रम पाठ करण्यापेक्षा रेघांची जाडी समान न ठेवणे सोपे. सीएसएस २ मध्ये ‘कोलॅप्स’ हेच मूळ मूल्य होते, सीएसएस २.१ ने ते ‘सेपरेट’ केले.

‘कोलॅप्स’ नीटस दिसते, म्हणून बहुतेक जण तेच वापरतात. पण त्यात कोपऱ्यांना गोलाई देणारा ‘बॉर्डर-रेडियस’ लागू होत नाही, त्यामुळे टेबलचे कोपरे गोल होत नाहीत. पान सरकवताना जागेवर धरून ठेवणाऱ्या ‘पोझिशन: स्टिकी’ने शीर्षओळ वर खिळवली की तिची रेघ अनेकदा मागे राहते आणि मजकूर तेवढा जागेवर थांबतो. अशा टेबलसाठी ‘सेपरेट’, शून्य अंतर आणि प्रत्येक सेलला फक्त उजवी व खालची रेघ ही जोडणी अधिक भरवशाची. डावी आणि वरची बाजू मग टेबलच्या बॉर्डरने पुरी करायची, आणि शेवटच्या सेलच्या रेघा ‘लास्ट-चाइल्ड’ (शेवटचा घटक निवडणारा निवडक) वापरून काढून टाकायच्या की टेबलच्याच उजव्या-खालच्या रेघा वगळायच्या, हे ज्याने त्याने ठरवावे.