अळवाची भावकी, पण चिखलाची वैरी

कोकणात अळवासाठी वेगळी जागा शोधावी लागत नाही. न्हाणीचं पाणी जिथून वाहून जातं तिथे गड्डा टाकला की पुढचं अळू स्वतःच बघतं. घरात अलोकेशिया, हे कुंडीतलं शोभेचं झाड, आली की तिचं पानही त्याच घडणीचं दिसतं आणि हात आपसूक तांब्याकडे जातो. महिनाभरात देठ बुडाशी मऊ पडतो, पान आडवं होतं. घरातल्या अलोकेशिया तहानेने क्वचितच जातात, जातात त्या पाण्याने. याचं कारण दोघांच्या मुळांत आहे.

अळू आणि अलोकेशिया एकाच सुरणकुळातल्या. मनीप्लांट आणि अँथुरियमही त्याच घरचे. अळवाचा देठ आडवा कापून बघा, आत स्पंजासारखी जाळी दिसते. हवेच्या त्या पोकळ्या मुळांपर्यंत गेलेल्या असतात, त्यामुळे पाय चिखलात असले तरी पानांकडून हवा खाली उतरत राहते. कुंडीत वाढवतात त्या अलोकेशियांची जन्मभूमी वेगळी. 'झेब्रिना' फिलिपीन्सच्या जंगलातली, सैल पालापाचोळ्यात मुळं पसरणारी. 'ब्लॅक वेल्व्हेट' बोर्निओतल्या चुनखडीच्या खडकांवरची. सगळ्यात जास्त विकली जाणारी 'पॉली' तर कुठल्याच रानातली नाही. ती 'अमेझोनिका' या संकराचं ठेंगणं रूप आहे, आणि अमेझोनिका हे नाव नदीवरून पडलेलं नसून 1950च्या दशकात मायामीत असलेल्या अमेझॉन नावाच्या नर्सरीवरून पडलं. परड्यात उभा असतो तो कासाळूही अलोकेशियाच, पण तो दांडगा गडी आहे, ओल सहन करतो. त्याच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नका.

पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. कुंडीत मातीऐवजी भरतात त्या मिश्रणातल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांची टोकं आधी गुदमरतात आणि मग पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे बुरशीसदृश जीव शिरतात. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहत जातात, म्हणजे भिजलेली कुंडी त्यांच्यासाठी राजमार्गच. म्हणूनच नुसतं बुरशीनाशक ओतून कूज थांबत नाही. मिश्रण तेच राहिलं तर गुदमरणंही तेच राहतं. यात एक फसगत ठरलेली आहे. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, पानं मलूल होतात, आपल्याला वाटतं तहान लागली, आणि आपण आणखी पाणी घालतो.

पाच इंची कुंडीसाठी मिश्रण वाटीच्या मापाने असं घ्या: दोन वाट्या कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक वाटी परलाइट (फुगवलेले पांढरे, हलके खडे), एक वाटी नारळाच्या सोडणाचे अर्ध्या इंचाचे तुकडे, अर्धी वाटी लाकडी कोळसा (हरभऱ्याएवढा फोडून) आणि अर्धी वाटी चाळलेलं गांडूळखत. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीनदा पिळून धुवा, त्यात बऱ्याचदा सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार उरलेले असतात. तयार मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडून बोट लावताच गोळा विस्कटला तर बरोबर, लाडवासारखा टिकला तर आणखी परलाइट घाला. लाल माती किंवा काळी माती यात नकोच, दोन्ही काही महिन्यांत दबून बसतात.

कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर द्यायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. ती सोडलेली बरी. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, वरचा थर पुरता भिजेपर्यंत तिथेच अडून राहतं. म्हणजे ओलीचा पट्टा तळाऐवजी मुळांच्या मधोमध येतो. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. कुंडीही मुळांच्या गोळ्यापेक्षा फार तर इंचभर रुंद घ्या. मुळं पोचलेली नाहीत ते मिश्रण वाळायला दिवस लावतं.

पाणी कधी घालायचं, याचं उत्तर वारावर ठरवू नका, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठरवा. भरपूर पाणी घालून पूर्ण निथळू द्या आणि कुंडीचं वजन लिहून ठेवा. समजा 1,100 ग्रॅम भरलं. मग रोज बोट खुपसून बघा. वरचे दोन इंच कोरडे लागतील त्या दिवशी पुन्हा वजन करा. समजा 850 आलं. आता हा आकडा तुमचा. काटा 850 वर आला की पाणी, नाहीतर नाही. हेच अंतर एप्रिलमध्ये तीन दिवसांचं असेल आणि जुलैत दहा दिवसांचं. झाड वाढलं किंवा कुंडी बदलली की दोन्ही आकडे नव्याने घ्या. ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका.

सकाळी पानाच्या टोकाला एखादा थेंब लोंबताना दिसेल. अळवावरचं पाणी क्षणभर ठरतं आणि घरंगळून जातं, कारण पानाच्या मेणचट पृष्ठावर ते चिकटतच नाही. हा थेंब मात्र बाहेरून पडलेला नसतो, आतून आलेला असतो. रात्री पानांची छिद्रं मिटलेली असतात, पण ओल्या मिश्रणातली मुळं पाणी वर ढकलत राहतात आणि जास्तीचं पाणी टोकाजवळच्या खास छिद्रांतून बाहेर येतं. झाड निरोगी असल्याचीच ही खूण. रोज टपटप होत असेल तर मिश्रण फार वेळ ओलं राहतंय एवढं समजा. थेंब वाळून पांढरा डाग उरला तर तो पाण्यातल्या आणि खतातल्या क्षारांचा. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर दर दोन महिन्यांनी कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट साधं पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा. नाहीतर पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत होतात आणि आपण उगाच हवेला दोष देतो.

उजेडाची पारख हाताने होते. झाडाजवळ दुपारी तळहात धरा. सावली दिसते पण कडा धूसर आहेत, तर जागा उत्तम. सावलीच पडत नसेल तर देठ लांबट होऊन लोळतील. कडा ठळक असतील तर मार्चनंतर पानावर भाजल्याचे फिकट चट्टे येतील. पूर्वेची खिडकी बहुधा जमते, पश्चिमेची असेल तर पातळ पडदा लावा.

दमटपणा 60 टक्क्यांच्या आसपास असला की झाड खुलतं. मुंबई, कोकण, गोव्यात त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. पुणे, नाशिक, नागपूरच्या उन्हाळी दुपारी तो 20-30 टक्क्यांवर येतो आणि तिथे खरी कसोटी लागते. फवाऱ्याने पान ओलं करून फार तर काही मिनिटं फरक पडतो. दोन-चार झाडं जवळजवळ ठेवणं अधिक उपयोगाचं.

कोरड्या हवेतच लाल कोळी येतो, पानातला रस शोषणारा अगदी बारीक जीव, अलोकेशियाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू. आधी पानाची चकाकी जाते, धूळ बसल्यासारखे बारीक फिके ठिपके दिसतात. पांढरा टिश्यू ओला करून पानाच्या पाठीवरून, शिरेच्या कडेने ओढा. टिश्यूवर तांबूस रेघ उमटली तर कोळी आहे. जाळी दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. झाड बाजूला काढा आणि पानं दोन्ही बाजूंनी नळाखाली धुवा. मग संध्याकाळी एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1-2 मिली द्रवसाबण घोटून फवारा. 'ब्लॅक वेल्व्हेट'सारख्या मखमली पानावर आधी एका कोपऱ्यात लावून दोन दिवस बघा. उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत कोळ्याला आठवडाभरच लागतो आणि अंड्यांवर फवाऱ्याचा परिणाम कमी होतो. म्हणून पाच-पाच दिवसांनी किमान चार वेळा फवारायचं. एकदा फवारून सोडून देणं म्हणजे पुढच्या पिढीला मोकळं रान देणं.

खताला हात आखडता घ्या. वाढीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फेट, आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, तेही ओल्या मिश्रणावर. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं असेल तर त्याची पाळी वेगळी ठेवा. घट्ट द्रावणं एकत्र केली की कॅल्शियम आणि फॉस्फेटचा साका खाली बसतो आणि दोन्ही वाया जातात.

नवीन पान उलगडतं आणि सगळ्यात जुनं पिवळं पडतं, याने बरेच जण घाबरतात. झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देत असतं. 'पॉली'वर तीन ते पाच पानं राहिली तर सगळं ठीक. पिवळं पान पूर्ण वाळेपर्यंत कापू नका. मात्र दोन-तीन पानं एकदम पिवळी पडली तर मुळं तपासायलाच हवीत. झाड उपसा, धुवा, काळपट मऊ मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. गड्डा दाबून बघा, टणक असेल तर आशा आहे. दोन तास सावलीत सुकवून नुसत्या ओलसर परलाइटमध्ये लावा.

रात्रीचं तापमान 15 अंशांखाली राहू लागलं की वाढ थांबते. डिसेंबर-जानेवारीत काही झाडं सगळी पानं टाकतात आणि कुंडी बाहेर फेकली जाते, ही फार हळहळ वाटायला लावणारी गोष्ट आहे, कारण खाली गड्डा जिवंत असतो. पंधरा दिवसांनी थोडं पाणी, खत बंद, कुंडी थंडगार फरशीवरून उचलून स्टुलावर ठेवा. फेब्रुवारीच्या शेवटी ऊब आली की कोंब येतो.

कुंडी बदलताना मुळांत वाटाण्याएवढ्या तपकिरी गाठी सापडतात. ही पुढची झाडं. ओढून तोडू नका, हलकेच फिरवल्या की सुटतात. हात साबणाने धुवा. सुरणाची आणि अळवाची खाज देणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यातही आहेत. चिंच घालूनसुद्धा ही पानं खायची नाहीत, मांजर आणि लहान मुलं असतील तर कुंडी उंचावर हवी. गाठीचं वाळकं साल नखाने काढा, आतून गुळगुळीत फिकट कंद निघतो, एक टोक किंचित अणकुचीदार. ते टोक वर ठेवून ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये (वाळवलेल्या शेवाळात) कंद अर्धा रुतवा, झाकणाच्या पारदर्शक डब्यात, 25 ते 30 अंश उबेत. मॉस पिळल्यावर थेंब गळू नये इतकंच ओलं असावं. आठवड्यातून दोनदा झाकण उघडून वारा द्या. तीन ते सहा आठवड्यांत टोक हिरवं होतं, बुडाशी पांढरी मुळं फुटतात. दुसरं पान आलं की दोन इंची कुंडीत हलवा, कंद झाडालाच असू द्या. नव्या मुळांनी काम हाती घेईपर्यंत रोप त्याच्यावरच जगतं.