मीटलोफ रसाळ राहतो तो ब्रेडमुळे

खिमा, भिजवलेला ब्रेड, अंडी आणि कांदा एकत्र करून लांबट, पावासारखा आकार द्यायचा, वर केचपचा लेप लावायचा, ओव्हनमध्ये भाजायचं आणि जाड काप करून कुस्करलेल्या बटाट्याबरोबर वाढायचं. अमेरिकेतल्या घरांमधला मीटलोफ तो हा. १९३०च्या दशकातल्या महामंदीत थोडं मांस घरभर पुरावं म्हणून त्यात शिळा ब्रेड, ओट्स, बिस्किटांचा चुरा असं काहीबाही मिसळलं जाई. मंदी सरली तरी ब्रेड राहिला, आणि तो राहिला हे बरंच झालं, कारण ब्रेडशिवायचा मीटलोफ म्हणजे कोरडी वीट.

वीट का होते, ते मांसातल्या प्रथिनांमध्ये दडलंय. मांस तापू लागलं की साधारण ५० अंश सेल्सिअसला मायोसिन हे प्रथिन आकसतं आणि मांस घट्ट होऊ लागतं. ६० ते ६५ अंशांच्या आसपास तंतूंभोवतीचं कोलॅजन हे चिवट प्रथिन आवळलं जातं आणि ओलं फडकं पिळावं तसं पाणी बाहेर पडतं. ७० अंशांच्या आगेमागे ॲक्टिन हे दुसरं मोठं प्रथिनही आकसतं, आणि मग मांस खरोखर कोरडं पडतं. म्हणून स्टेक खाणारे तो ५५-६० अंशांवरच उतरवतात.

खिम्याला ही सवलत नाही. अखंड तुकड्यात जंतू बहुतेक वरच्या पृष्ठभागावर असतात आणि तव्यावर मरतात. यंत्रातून काढताना तोच पृष्ठभाग आत मिसळला जातो. १९९३ साली अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत अर्धकच्च्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय या जंतूच्या एका घातक प्रकाराची साथ पसरली आणि त्यात मुलं दगावली. तिथल्या कृषी खात्याचा नियम आज असा आहे: बीफ, पोर्क किंवा मटणाचा खिमा मध्यभागी ७१ अंशांपर्यंत शिजला पाहिजे, चिकन आणि टर्कीचा ७४ पर्यंत.

म्हणजे ज्या तापमानाला मांस रसाळ असतं तिथे खिमा सुरक्षित नसतो, आणि सुरक्षित होईपर्यंत त्यातलं पाणी निघून गेलेलं असतं. ब्रेड आणि दूध या पेचातून वाट काढतात. ब्रेडमधला स्टार्च दूध शोषतो, तापल्यावर त्याचं जेल होतं आणि ते पाणी धरून ठेवतं. शिवाय ब्रेडचा लगदा खिम्याच्या कणांमध्ये घुसून बसल्याने प्रथिनांना एकमेकांत घट्ट गुंफायला सलग जागा मिळत नाही. आपल्याकडे खिम्याच्या कटलेटात पाव भिजवून पिळून घालतात आणि शामी कबाबात चण्याची डाळ, त्यामागेही हेच रसायन आहे. फरक एवढाच की मीटलोफसाठी ब्रेड पिळायचा नाही. ते दूध आतच हवं असतं.

सहा माणसांना पुरेल असं माप: ७०० ग्रॅम बीफचा खिमा आणि ३०० ग्रॅम पोर्कचा, दोन्ही मिळून चरबी २० टक्क्यांच्या आसपास. कडा काढलेल्या स्लाइस ब्रेडच्या चार चकत्या, म्हणजे साधारण १०० ग्रॅम, आणि १५० मिली दूध. दोन अंडी, एक मोठा कांदा, तीन लसणाच्या पाकळ्या, एक मोठा चमचा वूस्टर सॉस, एक छोटा चमचा मिरपूड, अर्धा छोटा चमचा थाइमचा सुका पाला आणि १४ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट भरून साधारण सव्वादोन छोटे चमचे.

ब्रेड दुधात दहा मिनिटं भिजू द्या आणि काट्याने घोटून खिरीसारखा लगदा करा. कोरडे तुकडे राहिले तर ते तसेच कापात दिसतात. कांदा अगदी बारीक चिरून लोण्यावर आठ-दहा मिनिटं मऊ होईतो परता, शेवटी लसूण घाला, आणि मिश्रण पूर्ण गार होऊ द्या. हा भाग बरेच जण टाळतात आणि फसतात. कच्चा कांदा ओव्हनमध्ये पाणी सोडतो, आकसतो आणि स्वतःभोवती पोकळी करतो. कापताना सुरी त्या पोकळीत शिरली की काप मोडतो. परतलेला कांदा गरम असतानाच घातला तर चरबी आधीच वितळते आणि खिमा तेलकट होतो.

आता मळणं. इथे हात आवरायला हवा. लगदा, अंडी, कांदा, सॉस आणि मसाले आधी एकजीव करा, मग फ्रिजमधला थंडगार खिमा त्यावर मोकळा करून टाका, मीठ भुरभुरा आणि बोटं पसरून खालून वर उचलत मिसळा. पहिल्या अर्ध्या मिनिटात खिम्याचे दोरे सुटे दिसतात. मग ब्रेडचे पांढरे पट्टे नाहीसे होतात, आणि तिथेच थांबायचं. आणखी दोन मिनिटं मळलंत तर मिश्रण बोटांना चिकटू लागतं आणि मूठ उचलली की चिकट तंतू ताणले जातात. मिठाने मायोसिन विरघळलं आणि मळण्याने त्याची जाळी तयार झाली याची ही खूण. सॉसेज करताना नेमकी हीच जाळी हवी असते. मीटलोफमध्ये तिच्यामुळे काप रबरासारखा लागतो. मीठ शेवटी घालायचं ते याचसाठी. चवीसाठी कच्चं मिश्रण जिभेवर लावू नका. लिंबाएवढा गोळा चपटा करून तव्यावर पूर्ण शिजवा आणि मग चाखा.

लोफच्या खोलगट साच्यात मिश्रण दाबून भरायची पद्धत आहे, पण ती आम्हाला पटत नाही. साच्यात मांस स्वतःच्याच पाण्यात आणि चरबीत उकडतं, कडा फिक्या राहतात. ट्रेवर बेकिंगचा कागद घालून मोकळाच लोफ थापावा: २५ सेंमी लांब, १२ रुंद, ६ उंच. चरबी वाहून जाते आणि तिन्ही बाजूंनी रंग येतो. उंचीवर लक्ष ठेवा. उष्णता मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीबरोबर सरळ वाढत नाही, साधारण जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपटीच्या घरात जातो, आणि आतला भाग शिजेतो बाहेरचा वाळून जातो. पाहुणे वाढले तर लोफ मोठा करू नका, दोन करा.

ओव्हन १७५ अंशांवर आधी तापवून घ्या. एवढ्या लोफला तासापासून सव्वा तास लागतो, पण घड्याळावर विसंबू नका. थर्मामीटर टोकाच्या बाजूने, आडवा, बरोबर मध्यापर्यंत खुपसा. वरून खुपसला तर टोक सहज खालच्या गरम भागात जातं आणि खोटा आकडा दाखवतं. रंग तर त्याहून फसवा. काही खिमा ७१ अंशांच्या बराच आधी तपकिरी होतो, आणि कांद्यासारख्या भाज्यांमधल्या नैसर्गिक नायट्रेटमुळे किंवा गॅस ओव्हनमधल्या वायूंमुळे पूर्ण शिजलेला मीटलोफही आत गुलाबी राहू शकतो. ट्रेवर कडेने पांढरट फेसासारखं काही साचलेलं दिसेल. ते खिम्यातून पाण्याबरोबर बाहेर आलेलं आणि तिथेच गोठलेलं प्रथिन आहे, खराबी नव्हे. मात्र ते फार दिसलं तर आच जास्त झाली समजा.

लेपासाठी अर्धा कप केचप, दोन मोठे चमचे ब्राउन शुगर आणि एक मोठा चमचा व्हिनेगर. ४५ मिनिटांनी निम्मा लावा, उरलेला शेवटच्या दहा मिनिटांसाठी. सुरुवातीलाच लावला तर तो ओघळून ट्रेवर करपतो. शिवाय ओला पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही, आणि मांसाला खमंग तपकिरी रंग त्याहून बऱ्याच वर चढतो. आधी पृष्ठभाग सुकू द्यावा, मग लेप.

बाहेर काढल्यावर १५ मिनिटं हात लावू नका. या वेळात स्टार्चचं जेल आणि कोलॅजनपासून झालेलं जिलेटिन गार होत दाट होतात आणि रस कापातच थांबतो. लगेच कापला तर तोच रस फळीवर येतो आणि काप सुटतात. सुरी लांब घ्या, काप दोन सेंमी जाड ठेवा.

बीफ-पोर्क न खाणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये टर्कीचा खिमा वापरला जातो. त्यात चरबी फार कमी. १ किलोला दूध २०० मिली करा, २०० ग्रॅम मशरूम बारीक चिरून पाणी आटेतो परतून घाला, दोन मोठे चमचे तेल घाला आणि ७४ अंशांपर्यंत शिजवा. आपल्याकडे बोकडाच्या मटणाचा खिमा घेणार असाल तर खाटकाला दोनदा काढून द्यायला सांगा, कारण त्यात चिवट पडदे जास्त असतात. थोडी चरबीही सोबत काढून घ्या. ही चरबी गार होताच टाळूला चिकटते, त्यामुळे हा लोफ गरमच वाढावा. घरगुती ओटीजीमध्ये वरची कॉइल लोफच्या फार जवळ येते. तिथे अर्ध्या किलोचाच लोफ करा, खालच्या खाचेत ठेवा आणि वर रंग लवकर आला तर फॉइल सैल झाका.

उरलेला दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा आणि तीन-चार दिवसांत संपायला हवा. दुसऱ्या दिवशी जेल पक्कं बसलेलं असतं, काप अगदी सरळ निघतात. बोटभर जाडीचा काप तव्यावर थेंबभर तेलात दोन्ही बाजूंनी, आतपर्यंत वाफाळेल इतका परता आणि मोहरीचा सॉस लावून ब्रेडमध्ये घाला. काही जण तर मीटलोफ करतात तोच या सँडविचसाठी.