वेल्ड-जोडाचा डिफरन्शियल

मोटारीच्या डिफरन्शियलमधील (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दंतचक्रांच्या यंत्रणेतील) क्राउन व्हील, म्हणजे इंजिनाचा जोर घेणारे मोठे दंतचक्र, आणि स्टार गिअर (आतली लहान दंतचक्रे) सामावणारा पिंजरा हे दोन भाग बोल्टांनी न आवळता कारखान्यातच वेल्ड करून एकजीव केलेले असले, तर त्या रचनेला हे नाव देतात. स्टार गिअरच वेल्ड करून दोन्ही चाके कायमची एकत्र बांधण्याची जी हौशी युक्ती ड्रिफ्टिंगच्या गाड्यांत करतात, तिलाही बोलण्यात ‘वेल्ड केलेला डिफरन्शियल’च म्हणतात. त्या युक्तीत डिफरन्शियलचे कामच बंद पडते. येथे वर्णिलेल्या रचनेत ते काम नेहमीसारखे चालू असते. न सुटणारा असतो तो फक्त बाहेरचा जोड. या जोडाची अडचण जाणवते ती मूळ पिंजरा काढून त्या जागी लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एलएसडी), म्हणजे एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर मिळत राहील असा डिफरन्शियल, बसवायचे ठरते तेव्हा.

उगम : डिफरन्शियलचा उगम वादग्रस्त आहे. इ. स. तिसऱ्या शतकात चीनमध्ये मा जुन याने केलेल्या दक्षिणदर्शी रथात डिफरन्शियल असावा, अशी मांडणी ब्रिटिश अभियंता जॉर्ज लँचेस्टर याने 1947 मध्ये केली. रथ कसाही वळला तरी त्यावरील मूर्तीचा हात दक्षिणेकडेच राही, असे वर्णन मिळते. मात्र सोंग काळातील ग्रंथांत या रथाच्या चाकांचा जो तपशील आहे, तो वळताना जुळणाऱ्या आणि सुटणाऱ्या दंतचक्रांचा आहे. शिवाय दोन चाकांच्या व्यासांत किंचित फरक असला तरी डिफरन्शियलच्या रथाची चूक मैलागणिक साचत जाते. त्यामुळे लँचेस्टरची रचना ‘शक्य होती’ एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित वाटते. 1901 मध्ये समुद्रतळातून वर आलेल्या अँटिकिथेरा यंत्रातही (प्राचीन ग्रीक खगोलगणक यंत्रातही) डिफरन्शियल असल्याचे डेरेक द सोला प्राइस याने 1974 मध्ये मांडले होते. नंतरच्या क्ष-किरण तपासण्यांवरून झालेल्या पुनर्रचनांत त्याची गरज उरली नाही आणि तो दावा बहुतेक अभ्यासकांनी सोडून दिला आहे. जोसेफ विल्यमसन या घड्याळजीचे 1720 च्या सुमाराचे सौरवेळ दाखवणारे घड्याळ हे त्यामानाने भक्कम उदाहरण होय.

ही सारी उदाहरणे गतींची बेरीज-वजाबाकी करणाऱ्या यंत्रांची आहेत, ही बाब उगमाच्या चर्चेत पुष्कळदा निसटते. एकाच आसातून दोन चाकांना जोर वाटून देणे हे निराळे काम आहे. त्यासाठी ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रकाराच्या वाफेच्या गाडीच्या पेटंटकडेच बोट दाखवावे लागते. त्याचे वर्ष काही ठिकाणी 1827, तर काही ठिकाणी 1828 दिलेले आढळते. जेम्स स्टार्ली याने 1877 मध्ये तीनचाकी सायकलीसाठी डिफरन्शियल वापरला.

एलएसडीची गरज : साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच पीळ (फिरवणारा जोर, टॉर्क) देतो. एक चाक चिखलात किंवा बर्फावर गेले की ते पेलू शकेल तेवढाच पीळ दुसऱ्यालाही मिळतो. मग एक चाक नुसते भिरभिरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे जागचे हलत नाही. 1930 नंतरच्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांना हाच त्रास झाला आणि जर्मनीतील झेडएफ कंपनीने त्यावर घर्षणाचा उपाय काढला. अमेरिकेत 1956 च्या सुमारास पॅकार्डने अशी सोय देऊ केली. वर्नन ग्लीसमन याने 1958 मध्ये पेटंट घेतलेली, मळसूत्री दंतचक्रांची जात पुढे टॉर्सन या नावाने प्रसिद्ध झाली.

एकमेकींवर घासणाऱ्या प्लेटांच्या एलएसडीची ताकद टक्क्यांत सांगतात. 25 टक्के म्हणजे पकड असलेल्या चाकाला घसरत्या चाकाच्या 1.67 पट पीळ मिळतो, 40 टक्क्यांना 2.33 पट. मळसूत्री जातीतही असेच गुणोत्तर असते. पण एक चाक हवेत पूर्ण मोकळे झाले की शून्याला कितीही पटीने गुणले तरी शून्यच येते, म्हणून ती तेथे साध्या डिफरन्शियलसारखी वागते. प्लेटांच्या जातीत स्प्रिंगांचा थोडा पूर्वदाब असल्याने ही अडचण कमी जाणवते. सिलिकॉन द्रवाची चिकट जात आता मागे पडली आहे.

वेल्डचा जोड : जुन्या रचनेत क्राउन व्हील पिंजऱ्याच्या कडेवर आठ-दहा बोल्टांनी आवळलेले असे. फोक्सवॅगनच्या काही गिअरबॉक्सांत बोल्टांऐवजी रिव्हेट होते. ते ड्रिलने काढून बोल्ट बसवता येत असल्याने तेथे एलएसडी बसवणे फारसे अवघड गेले नाही. वेल्डमुळे ही कडच पातळ करता येते, बोल्ट, भोके आणि आटे वाचतात, वजन घटते आणि सांधा यंत्रमानवाकडून भराभर होतो. बीएमडब्ल्यूच्या 2000 नंतरच्या दशकातील अनेक मागील डिफरन्शियलांत असा जोड आढळतो.

धातुशास्त्राच्या दृष्टीने मात्र हा जोड बेमेळ जोडीचा आहे. क्राउन व्हील कार्बन मुरवून कठीण केलेल्या पोलादाचे, तर पिंजरा बहुधा गोलाकार ग्रॅफाइटच्या बिडाचा. बिडात कार्बन तीन टक्क्यांच्या वर असतो. ते वितळून झटकन निवले की सांध्यालगत ठिसूळ, काचेसारखा कडक थर तयार होतो आणि त्याला तडे जातात. म्हणून लेझरच्या अरुंद सांध्यात निकेलयुक्त तार वितळवतात. सांध्याच्या जागी चाकावरचा कार्बनी थर आधीच कातून टाकलेला असतो किंवा मुळात चढूच दिलेला नसतो. एवढी काळजी घेऊन बनवलेला सांधा गॅरेजमधल्या साध्या वेल्डिंगने पुन्हा करू नये, हे वेगळे सांगायला नको.

एलएसडी बसवणे : सोपा मार्ग म्हणजे त्याच गुणोत्तराचा, बोल्टांच्या जोडाचा दुसरा संच मिळवणे. फक्त नवे क्राउन व्हील आणून भागत नाही. हायपॉइड जातीत (जिच्यात दोन दंतचक्रांचे आस एकमेकांना छेदत नाहीत) क्राउन आणि त्याला फिरवणारे लहान दंतचक्र, पिनियन, एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. जोडी फुटली की ती आवाज करते. आडव्या इंजिनाच्या गाड्यांतील तिरप्या दातांच्या चाकांना हे बंधन एवढे कडक नसते.

संच मिळाला नाही तर लेथ. पिंजरा बेअरिंगच्या बैठकींवर केंद्रित करून सांध्यावर अरुंद चर पाडत जातात. हत्यार निकेलच्या पट्ट्यात असेपर्यंत लांब, चिवट कीस निघतो. बिडाला लागले की काळा भुगा पडू लागतो, आणि पट्टा संपल्याची खूण कारागीर त्यावरूनच ओळखतो. मोकळ्या झालेल्या चाकाचे आतले भोक आता मूळ मापाहून मोठे असते. ती जागा भरायला अचूक मापाची कडी बनवून ती नव्या एलएसडीच्या कडेवर बसवतात. चाकाच्या पाठीमागे आटे पाडताना दाताचे मूळ आणि भोकाचा तळ यांत पुरेसा धातू उरला पाहिजे; पातळ क्राउन व्हील येथेच नापास होते. कडीवर चढवण्यासाठी चाक तेलात किंवा भट्टीत बेताने तापवतात. गॅसची ज्योत लावली तर दातांची कठीणता उतरते.

बोल्ट ओढण्यासाठी असतात, कापले जाण्यासाठी नाहीत. पीळ पेलायचा तो दोन पृष्ठभागांतील घर्षणाने आणि कडीच्या घट्ट बैठकीने. वेल्डच्या रचनेत हा प्रश्नच नव्हता, आणि रूपांतर फसते ते बहुतेक याच ठिकाणी. म्हणून आवळून झाल्यावर डायल गेज लावून चाकाचा डगमगाट पाहतात. तो साधारण 0.05 मिमीच्या आत हवा. त्यानंतर शिम (पातळ चकत्या) बदलून दातांतील मोकळीक जुळवतात. ती गाडीगणिक ठरलेली असते, सामान्यतः 0.1 ते 0.2 मिमीच्या दरम्यान. दातांवर पिवळी खुणेची पेस्ट फासून चाक थोड्या ओझ्याखाली फिरवले की पेस्ट पुसलेला लंबगोल दिसतो. तो दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे असावा. पार कडेला गेलेला असला तर डिफरन्शियल हुंहुं असा आवाज करतो.

प्लेटांच्या एलएसडीला घर्षण नरम करणारे द्रव्य मिसळलेले हायपॉइड तेल लागते. नवा संच बसल्यावर मोकळ्या जागेत गाडी सावकाश इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवून प्लेटा एकमेकींवर बसू देतात आणि थोड्याच अंतराने ते पहिले तेल बदलतात. त्यात प्लेटांचा राखाडी गाळ उतरलेला असतो. तेवढे करूनही कोपऱ्यावर वळताना मागून कटकट येत राहिली, तर संच पुन्हा उघडण्याआधी तेल बदलून पाहतात.